डेव्हलिन आमच्याकडे जेवला तेव्हा

वडाळ्याच्या बीपीटी क्वार्टर्समध्ये आमच्याकडे खुर्ची एकच,
लोखंडी, घडीची,
युनियनच्या ऑफिसातून आलेली आणि परत न गेलेली.
बाबांनी ती पुसून पुढे केली.
कॉर्मॅक डेव्हलिन जमिनीवर बसला.
पाय लांबलचक, एक पाटाखाली,
दुसरा थेट मोरीच्या उंबऱ्यावर.

बाबा म्हणाले, याचं असंच आहे.
नऊशे सहा मतांनी निवडून आला
आणि लंडनच्या सभागृहात याची जागा
चार वर्षं रिकामी.
राणीची शपथ घेणार नाही म्हणतो.
आई म्हणाली, बसायचं नव्हतं तर उभा कशाला राहिला?
हे बाबांनी इंग्रजीत सांगितलं नाही.

सत्याऐंशीचा डिसेंबर. गोदी कामगारांची परिषद.
तो डेरी नावाच्या गावचा, मला वाटलं दुधाची.
बाप बंदरात हमाल, आई शर्टांच्या कारखान्यात,
एकोणिसाव्या वर्षी तुरुंग,
आणि तिथं एकतीस दिवस अन्नाला शिवला नाही.
कुठल्या देवाचा उपास? आईनं विचारलं.
बाबा जरा गप्प झाले.
कपड्यांचा, म्हणाले. कैद्याचे कपडे घालणार नाही म्हणाला.
आईनं त्याच्या शर्टाकडे पाहिलं,
कॉलर उलटून शिवलेली,
आणि भात वाढला. आणखी वाढला.
तेव्हापासून त्याचं पोट मुठीएवढं झालंय
हे आम्हाला कसं कळावं?
तो हात आडवा धरी, आई बोटांच्या फटीतून आमटी घाली.
शेवटी मीच शिकवलं: पुरे.
पूरे, तो म्हणाला. पूरे, पूरे.

दुसऱ्या दिवशी ग्रीन गेटवर, पाळी सुटताना,
त्याच्या भाषणाचं मराठी करता करता बाबा अडले.
'रिपब्लिक' म्हणावं तर लोकांना निळा झेंडा दिसणार,
'प्रजासत्ताक' म्हणावं
तर शाळेतलं झेंडावंदन आणि लिमलेटच्या गोळ्या.
डेव्हलिननं वाट पाहिली,
मग मूठ वर करून स्वतःच ओरडला: पूरे!
गेट आधी हसलं.
मग टाळ्या थांबेनात.

ब्याण्णवला बाबा पालिकेला उभे राहिले.
जानू शिगवण, तीनशे बारा मतं. अनामत गेली.
त्यानं लिहिलं, अभिनंदन,
आमचा पक्ष फुटला, मी लहान तुकड्यात आहे,
तुझे तीनशे बारा मला उसने दे.

पुढे तिकडे बंदुका पुरल्या
आणि डेव्हलिन बसला.
बेलफास्टच्या नव्या सभागृहात, रीतसर सही करून.
गावातल्या भिंतींवर त्याचं नाव आलं, पुढे एक शब्द,
जो बाबांनी मला वाचून दाखवला नाही.
त्यांनी पत्र टाकलं, एकाच शब्दाचं.
बसलास?

दोन महिन्यांनी उत्तर.
जानू, टेकडीवरच्या एकशे चाळीस घरांत ओल आहे.
पोरं रात्रभर खोकतात.
ती फाईल उभ्यानं सरकत नव्हती.

बाबांनी पत्राची घडी केली, उघडलं, घडी केली.
तेव्हा गोदीतल्या क्रेन एकेक थांबत होत्या,
कंटेनर न्हावा-शेव्याला चालले होते,
आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज
पावसाळ्यापासून गादीखाली पडून होता.
मार्चमध्ये त्यांनी सही केली.
डेव्हलिनला ते कधीच कळवलं नाही.

परवा त्याच्या भाचीचा ईमेल आला.
झोपेत गेला, शवपेटीवर झेंडा कुठला घालायचा
यावरून दोन्ही तुकडे भांडले,
शेवटी नुसतं लाकूड नेलं.
मी विचारलं, त्या घरांची ओल?
ती म्हणाली, पंच्याण्णव झाली. बाकीची राहिली.

खुर्ची अजून आहे. गंजलीय, घडी होत नाही.
भंगारवाला चाळीस म्हणतो.
थांब म्हटलं त्याला, दारातच,
आणि तिच्यावर उभी राहून
माळ्यावरचा पत्रांचा डबा
चाचपडत होते.