दुसरा कान

ये इकडे, दिमका. मुकाट बस.
दिव्याखाली कान दे.
हा चष्मा येव्सेईचा आहे, माझा नाही;
पण यातून मला सुईचं नेढं दिसतं
आणि तुझी लबाडीही.

कुंपणाच्या सावलीत अजून बर्फ दडून आहे,
पण गवत जागं झालंय
आणि त्याच्या टोकाटोकाला पाय पसरून बसलीय
ती उपाशी जमात.
काल तुझ्या मानेत एक सापडली, मोहरीएवढी.
माझी आई गोचिडीवर तेल ओतायची,
आजोबा पेटती विडी टेकवायचे.
मारेट म्हणते, तसलं काही नको,
चिमट्यानं कातडीलगत धरायची,
चिरडायची नाही, सरळ वर ओढायची.
मारेट तार्तूत शिकून आली. तिचे हात उबदार आहेत.
तिचं ऐकायचं. तूसुद्धा.

हलू नकोस म्हटलं ना.

या गावात कांदा म्हणजे सगळं.
चुलीवरच्या फळीवर हिवाळाभर तो ऊब खातो,
आमच्याआधी त्याची सोय.
कांद्यानं छपराचा पत्रा बदलला,
कांद्यानं धाकटीला शहरात धाडलं,
आणि तोच म्हणे तुला विष.
सत्तर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"रक्त आतल्या आत फुटत जातं," मारेट म्हणाली,
आणि मी मोजत बसले आधीची कुत्री,
ज्यांच्या थाळीत मी उरलासुरला रस्सा ओतला
हौसेनं, कांद्यासकट.
एक वसंतात गेलं, एक लावणीच्या आठवड्यात.
आम्ही म्हणालो, वय झालं.

आता ईस्टरच्या अंड्यांसाठी सालं उकळायला ठेवली
की दाराला कडी, आणि तू बाहेर.
रडलास तरी बाहेर.

आणि तळं. त्याबद्दल बोलायचंच आहे.
येव्सेईचे गुडघे पानगळीतच संपले,
हे तुला कोण समजावणार?
तू रोज पहाटे त्याच्या घसरगाडीपाशी जाऊन बसतोस,
जाळ्याचा वास हुंगत.
मार्चपर्यंत ठीक होतं. आता बर्फ काळवंडलाय,
दुरून दगड, जवळून साखर.
मंगळवारी तू दोर कुरतडलास.
मी दारात आले तेव्हा तू नुसता ठिपका होतास
आणि तळं कण्हत होतं.

मी नाव घेऊन हाक मारली.
स्वतःचं नाव तू घरातही ऐकत नाहीस.
येव्सेई खिडकीतून ओरडला,
"बादली! उलिता, बादली वाजव!"
ती पत्र्याची, जिच्यात तो बारके मासे टाकायचा
आणि परतताना सुरीच्या मुठीनं वाजवून
तुझा वाटा तुला द्यायचा.
मी वाजवली.
मनगट सुजेपर्यंत वाजवली.
ठिपका थांबला.
ठिपक्याला कान फुटले,
मग पाय.

बादलीत मासा नव्हता.
तू आत तोंड घातलंस, वर माझ्याकडे पाहिलंस,
आणि मला लाज वाटली. अजून वाटते.

म्हणून आज अन्फिसाच्या नातवाकडून
तीन मासे घेतले, पैसे मोजून.
कोळ्याच्या घरात विकतचा मासा.
येव्सेई काही बोलला नाही;
खुर्चीत बसून एकेक काटा काढत राहिला,
चष्म्याशिवाय, बोटांनी चाचपत,
मग बादली दोनदा वाजवली.

झालं, हा कान स्वच्छ आहे.
फिर.