शेवटच्या दिवसाचा तर्जुमा

शाळेच्या व्हरांड्यात आता फक्त खोकी.
उरलेले चष्मे, सगळे प्लस दोनचे,
कान धुवायची पितळी पिचकारी,
आणि तो तक्ता, गुंडाळून, रबर लावून,
ज्याच्यासमोर दहा दिवस कासारीकाठच्या माणसांनी
उलटासुलटा ई ओळखला,
तीन बोटं तशीच वळवून दाखवली.

डॉक्टर पार्क ओक-ही कोरियनमध्ये बोलायच्या.
मिन्सू ते इंग्रजीत आणायचा.
मी, दीना सातपुते,
कोल्हापूरच्या मिशन कंपाउंडात बावीस वर्षं नर्स,
ते मराठीत उतरवायचे,
आणि तिथूनही खाली, इथल्या बोलीत:
"आज्जी, वर बघा. न्हाई, माझ्याकडं न्हवं, वर."
वाक्य दोनदा नदी ओलांडून यायचं.
कधी एखादा शब्द वाहून जायचा.
कधी मीच सोडून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी आक्काताई चौगले.
काचबिंदू. दोन्ही डोळे.
डॉक्टर खूप वेळ बघत राहिल्या, मग बॅटरी विझवली.
उशीर झालाय, नजर आता परत येणार नाही,
हे कोरियनमधनं निघालं,
मिन्सूनं हळू आवाजात पुढं सरकवलं,
आणि माझ्यापाशी पोचल्यावर मी म्हणाले,
"थेंब घालत जावा आज्जी. बघूया."

बघूया.
आंधळ्या बाईला मी हे म्हणाले.

आज निरोप.
सरपंचांनी फेटे आणले,
रंगावर थोडी चर्चा होऊन शेवटी गुलाबी.
मिन्सूच्या डोक्यावर तो टिकेना.
आवळे पास्टरांनी प्रार्थना आवरती घेतली,
मागं उसाचे ट्रॅक्टर अडकलेले,
त्यांच्यावरची गाणी आमेनच्या वर चढत होती.
कुणीतरी गुळाचा अख्खा रवा आणला.
विमानात तेवीस किलोच चालतं, मी समजावलं.
"मग त्येंचं काय तरी ठेवा हितं,
आनि ह्यो न्ह्या," गाव म्हणालं.

डॉक्टरांनी एकच शब्द पाठ केलेला: "येतो."
पुस्तकात बाईनं येते म्हणावं असं आहे,
पण इथल्या बायका येतोच म्हणतात,
मीपण घरी म्हणतो,
म्हणून दुरुस्त केलं नाही.

आक्काताईंनी ऐकलं.
नातवाचं मनगट सोडून आवाजाकडं आल्या,
डॉक्टरांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला,
कपाळ, गाल, चष्म्याची कडा,
मग स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.
"येतो म्हन्ली. कवा येनार, इचार की गं.
तवर म्या थेंब चुकवत न्हाई."

डॉक्टर मिन्सूकडं बघतात. मिन्सू माझ्याकडं.

आमच्यात जातानाच येतो म्हणतात,
त्यात तारीख नसते,
हे सांगायचं होतं. कुणाला, ते ठरेना.
मी इंग्रजीत म्हणाले, आज्जी आभार मानतायत.
ते कोरियनमध्ये गेलं.
डॉक्टर रडल्या, आणि रडता रडता लांबलचक काही बोलल्या.
मिन्सूनं ते अर्ध्यावर टाकलं,
फेटा काढून तोंड पुसलं.
पंचविशीचा पोरगा.
राहिलेल्या अर्ध्याचंही मी मराठी केलं.
काय केलं, आता आठवत नाही.
आक्काताई मात्र मान हलवत होत्या.

गाडी गेली.
"गेली गं आज्जी," नातू म्हणाला.
"कळलं की. धुरळा नाकात गेला माझ्या."

खोकी माझ्या ताब्यात.
थेंबांच्या बाटल्या अठ्ठावीस,
वहीत नावं, पहिलं नाव चौगले.
सोमवारी सव्वानवाची एसटी.
मी एकटीच असेन,
मधे मिन्सू नाही, इंग्रजी नाही.
आक्काताई उंबऱ्यावर बसलेल्या असतील,
पायाच्या आवाजावरनं ओळखतील,
डोकं मागं टाकून डोळा उघडा धरतील थेंबासाठी,
आणि विचारतील,
"काय म्हन्ली हुती गं ती, रडत रडत?"