आटे

प्लग बाहेर आला तो
हेडमधले आटे अंगावर गुंडाळूनच.
ॲल्युमिनियमची बारीक वळवळती शेव
रुझारने नखाने सोडवली, दाराशी उजेडात धरली.
"कोणें आंवळ्ळो?"

मी म्हटलं, आधीपासूनच तसा असेल.

कुडचड्याच्या मार्केटामागे पत्र्याची शेड.
खाण चालू होती तेव्हा रुझार डंपरची चाकं खोलायचा,
एकेका नटाला दोन माणसं लटकायची पान्याला.
आता तेच हात
एका बोटभर भोकापाशी श्वास धरून.

टॅपच्या खाचांत त्याने ग्रीस भरलं,
कीस खाली पिस्टनवर पडू नये म्हणून.
अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.
बाहेर काढ, पूस, पुन्हा ग्रीस.
"सवकास," तो म्हणाला, मला नव्हे, टॅपला.
मालगाडी गेली. ताटलीतले वॉशर थरथरले.
ती जाईपर्यंत तो थांबला.

बाप बावीस वर्षं पायलट.
पिवळा मडगार्ड, मागच्या सीटवर कधी सुंगटांची टोपली घेतलेली बाई,
कधी पेपराला उशीर झालेला पोर,
एकदा लग्नाचा केक पोटाशी धरून एक म्हातारा,
सावर्ड्यापर्यंत पहिल्या गियरमध्ये.
प्लग तो बोटांनीच बसवायचा.
डोळे मिटून आधी उलटा फिरवायचा,
आट्यात आटा पडून टक् होईस्तोवर,
मग सुलटा. पाना अगदी शेवटी, जेमतेम.
हल्ली त्याला एका रस्त्याचे दोन दिसतात.
गाडी माझ्या नावावर झाली

आणि दुसऱ्याच रात्री मी पान्याला पाइप लावला.
सैल राहील, चढावर उडेल,
स्टँडवरचे म्हणतील, बापाचं ते बापाबरोबर.
आधी घट्ट. मग आणखी घट्ट.
मग एकदम मऊ.
त्या मऊपणाला आवाज नसतो,
मनगटाला कळतं तेवढंच.

स्टीलची गुंडाळी आत गेली, फेऱ्यामागून फेरा.
तिचं शेवटचं शेपूट रुझारने लांब नाकाच्या पकडीने मोडलं,
बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं:
आत राहिलं नाही, बघून घे.
प्लगशिवाय दोनदा किक मारली. भोकातून
फुस्, फुस्, उरलासुरला कीस.

आता पहिल्यापेक्षा पक्कं ना?

"स्टील आहे," तो म्हणाला. "पण भोक मोठं झालंय.
परत मोठं करायला आता जागा नाही."

मग नवा प्लग माझ्या हाती दिला. "तूं बसय."
मी डोळे मिटले. उलटा फिरवला.
बराच वेळ काहीच नाही, नुसतं
धातूवर धातू सरकत राहिलेला.
मग टक्.

रुझार रॉकेलमध्ये हात धूत होता.
"आनी तो पायप," पाठमोराच म्हणाला, "घरा दवर."

पाइपचं मी काही बोललोच नव्हतो.