आखणी

पलासियाला, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर मूंदडा माझ्या तोंडावर
पांढऱ्या पेन्सिलीने रेघा ओढतायत
आणि मी श्वास धरून बसलेय,
जशी घरं बसायची
आमची टेप उलगडली की.

एकतीस वर्षं मी नगर निगमात नकाशे काढले.
रस्ता साठ फुटी करायचा, ऐंशी फुटी करायचा,
कुणाचा ओटा, कुणाचा जिना,
कुणाची न्हाणी अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
लाल रंगाचा डबा शिपाई धरायचा,
आकडा मी सांगायची.

"उन्हात खूप काम केलंय का, मॅडम?"
केलंय.
दोन्ही गालांवर वांग आहे, ते दिसतंच.
पण डाव्या डोळ्याच्या कडेलाच इतक्या सुरकुत्या का,
ते मी सांगू शकते:
उजवा डोळा दुर्बिणीला लावायचा
तर डावा मिटावा लागतो.
एकतीस वर्षं मिटला.
त्याने काहीच पाहिलं नाही, बिचाऱ्याने,
आणि खर्च त्याच्यावरच जास्त निघतोय.

समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो झाले.
प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, मी म्हटलं.
फोटो काढणारी मुलगी नुसती हसली.
तिच्या कातडीवर अजून
एकही रस्ता मंजूर झालेला नाही.

मग टप्पे.
आधी दीड महिना फक्त सनस्क्रीन,
दोन बोटं भरून, आभाळ असलं तरी.
मग पील, तीन-तीन आठवड्यांनी, चार वेळा.
लेझर दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर,
तेही कमी जोराचं;
आपल्या रंगाशी घाई केली
तर डाग जातो आणि आणखी काळा होऊन परततो.
म्हणून त्याआधी कानामागे
एक ठिपका करून बघू,
कुणाला दिसत नाही तिथे.

कानामागे!
आम्ही कधी कुठे ठिपका करून बघितला नाही.
सरळ जेसीबी.

सगळं मिळून बेचाळीस हजार. हप्ते होतील.
घरी सांगितलेलं नाही.
हे म्हणतील, आता कुणाला दाखवायचंय?
रिटायर झाल्यापासून रोज सकाळी
आरशात एक बाई येते,
हातात अर्ज असल्यासारखी उभी राहते,
आणि मी तिला सांगते, उद्या या.
हे उत्तर ह्यांना देता येणार नाही.

बियाबानीत गेंदालाल मास्टर होते, टेलर.
त्यांच्या दुकानावर मी अकरा फूट लिहिले.
ते भांडले नाहीत.
गळ्यातली टेप काढून माझा आकडा पुन्हा मोजला,
अकराच भरले.
मग म्हणाले, "बेटा, कटने के बाद बचेगा कितना?"
मी कागद बघून सांगितलं, सव्वापाच.
"मशीन आ जाएगी," ते म्हणाले.
"ग्राहक बाहर खड़ा रहेगा."

"काही शंका?" डॉक्टर विचारतायत.
मी विचारते, हे सगळं झाल्यावर उरेल किती?
त्यांना वाटतं, मी डागांबद्दल बोलतेय.
"साठ टक्के तरी जातील," त्या म्हणतात,
"शंभराचा शब्द मी कुणालाच देत नाही."
बरं वाटलं.
आमच्या फायलीत असं कुणी लिहून देत नसे.

वांगाला हो म्हटलं.
पेन्सिल डाव्या डोळ्यापाशी आली तेव्हा म्हटलं,
हे प्रकरण जरा प्रलंबित ठेवा.

रिक्षावाला सारखा आरशातून बघतोय.
गीता भवन मागे पडल्यावर लक्षात आलं,
रेघा पुसायच्या राहून गेल्या.
रुमाल काढला. मग तो मांडीवरच राहू दिला.
"भिया, बियाबानी होकर चलो."
"लंबा पड़ेगा, आंटी."
पडू दे.