सळई

वडिलांची सळई अजून आहे आमच्याकडे.
अडीच हात लांब, टोकाला चोच, मधोमध पन्हळ.
परसात रोवलीय, घेवडा चढलाय तिच्यावर.

शिरोली नाक्यावर एकोणीस वर्षं
ती पोत्यापोत्यांतून फिरली.
बिलावर भुसा, आत बेदाणा.
चोच बाहेर आली की खरं बोलायची.
ट्रकांची रांग पार पुलापर्यंत,
क्लीनर चाकाशी टेकून पेंगायचे,
आणि कुणाच्या बिलाखाली दुमडलेली नोट असायची,
हेही लिहिलं पाहिजे.

"घेतली का तुम्ही कधी?" मी एकदाच विचारलं.
"दोनदा. एकदा तुझ्या फीला.
दुसऱ्यांदा कशाला, आठवत न्हाई.
त्येचंच वाईट वाटतंय."

मग एका एकतीस मार्चला, रात्री बाराला,
आडवा बांबू वर गेला तो वरच राहिला.
सांगलीहून हळद घेऊन आलेला ड्रायव्हर
सवयीनं थांबला. जा म्हटलं तरी जाईना.
न विचारता सोडतायत म्हणजे
पुढं काहीतरी मोठं असणार, असं त्याला वाटलं.

आता मी उद्यमनगरात, एका वर्कशॉपच्या माडीवर,
लोकांची रिटर्न भरते.
वीस तारखेला रांग असतेच, फक्त रस्त्यावर नसते.
स्क्रीनवर चाक फिरत राहतं.
खाली लेथही फिरतो,
पण त्यातून निदान काहीतरी बाहेर पडतं.

भूपाल मगदूमांचं कास्टिंग आज निघतं, उद्या होसूरला पोचतं.
वाटेत कुणी ताडपत्री उचलत नाही.
हे चांगलं झालं. जिन्यात उभं राहून ओरडून सांगेन मी.
पण भंगारवाल्यानं त्याचा कर भरला नाही
म्हणून मगदूमांनी भरलेला सात महिने अडकलाय.
नाका हललाय नुसता,
दुसऱ्याच्या चुकीसाठी यांच्या दारात येऊन बसलाय.

सुभाषनगरातली मालन सातपुते चपलेची वेणी विणते.
नंबर नाही म्हणून मोठ्या दुकानाला ती नको.
नंबर घ्यावा तर दर महिन्याला माझी फी.
फी नको म्हटलं तर चिडते.

आणि शहर?
पूर्वी संध्याकाळी नाक्यावरची पत्र्याची पेटी मोजली जायची,
सकाळी तिच्यावर पाण्याचा पंप चालायचा.
आता ते मुंबईकडं बघत बसतं,
वसतिगृहातलं पोरगं मनीऑर्डरीची वाट बघतं तसं.
घरफाळ्याचं रजिस्टर उघडावं,
तर राजारामपुरीतला तीन मजली बंगला
त्यात अजून कौलारू आहे.

मंगळवारी व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये
पुण्याचे एक अभ्यासक आले होते.
स्लाइडवरचे सगळे बाण वर जाणारे.
पाया रुंद करा, दर उतरवा, सवलती काढा.
खरं सांगते, पटलं मला. टाळ्याही वाजवल्या.

घरी आले तर वडील घेवड्याला पाणी घालत होते.
ऐकून घेतलं सगळं.
"सळई कुणीबी घालतंय गं. काढल्यावर काय?"
आणि समोर पोतं नसताना
हवेत अंगठा फिरवला त्यांनी,
भोकावर असा गोल, जरा दाबून.
तागाचे धागे पुन्हा जवळ येतात म्हणे,
दाणा सांडत नाही.
"एवढं शिकवाय मुकादमानं तीन म्हैनं घालवलं माझ्यावर."

रात्री निवेदन लिहायला बसले.
पुरवठादाराची चूक त्याच्याच नावावर राहावी.
लहानांना तिमाहीला एकच पान.
शहराचा वाटा शहराच्या पेटीत, ठरल्या तारखेला.
बंगल्याचे मजले कुणीतरी जाऊन मोजावेत.

पाचव्या मुद्द्याला हात थांबला.
अंगठा लिहिलं तर
त्यांना सही न येणारा माणूस आठवेल.
दुसरा शब्द सुचेना.
आकडा घातला, पुढं जागा मोकळी सोडली.
आतून वडील खोकले,
लाईट घालव म्हणाले.