कोबा

सोहारच्या ह्या गॅरेजात गाडी कधी उभीच राहिली नाही.
अकरा वर्षं तीन शेगड्या होत्या इथे,
माणूस मावेल एवढा फ्रीझर,
मी, हमीदा पावसकर,
आणि बंदरावरच्या नव्वद माणसांचे डबे.

आता हमीदाचे गुडघे रत्नागिरीला गेले, तिच्यासकट.
मीही चंबूगबाळं आवरते आहे.
मालकाचा माणूस, बलुशी, म्हणतो,
भिंतींचं राहू द्या मॅडम,
खालचा वास काढा.
मग डिपॉझिट. तीनशे रियाल.

पहिल्या दिवशी साबणाची पावडर आणि खराटा.
वासाने अंघोळ केली
आणि ताजातवाना होऊन बसला.
दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. कोबा फसफसला,
अंगावर आल्यासारखा गुरगुरला,
पांढरा पडला, पण बोलायचा थांबला नाही.
मग खायच्या सोड्याचा लेप, वर ओली गोणपाटं,
तापकऱ्याच्या कपाळावर ठेवाव्यात तशा घड्या, रात्रभर.
सकाळी गोणपाटांना बांगड्याचा वास.
कोब्यालाही.

तेव्हा कळलं, काँक्रीट म्हणजे दगड नव्हे,
पाव आहे. नुसती भोकं.
अकरा वर्षं आम्हीच त्याला चारत आलो:
तिरफळांचं पाणी, सुकटीचं धुवण,
आणि फ्रीझर बंद पडला त्या ऑगस्टमधली
सुरमईची सोळा किलो लाज.
दुपारी सेहेचाळीस अंशांत ते जबडा उघडतं
आणि काय काय जेवलं ते सगळ्या गल्लीला सांगतं.
पहाटे मात्र शहाण्या बाळासारखं गप्प.

अडचण अशी, की माझं नाक कधीच निकामी झालेलं.
येतो तो वास की सवय, मला सांगता येत नाही.
म्हणून शेजारची मारिविक.
इस्पितळात नर्स, सहावा महिना,
सोनाराच्या तराजूसारखं नाक सध्या तिचं.
रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहते,
तोंडाला रुमाल,
मान हलवते: अजून.

मांजरांच्या मुतावर चालते ती पावडर आणली शेवटी.
दुकानदार म्हणाला, ह्यात जिवंत जंतू आहेत,
ते वास खातात. ओलं ठेवा, मरू देऊ नका.
तर पुन्हा जेवण घालायला बसले मी,
नव्वदांच्या जागी किती कोटी देव जाणे,
दर चार तासांनी पाण्याचा शिपका, वर प्लॅस्टिक,
रात्री तीनचा गजर.
एक मात्र खरं,
ह्यांच्यातला कुणी मीठ कमी आहे म्हणाला नाही.

सहाव्या दिवशी मारिविक आत आली, रुमालाशिवाय.
मागच्या भिंतीपर्यंत गेली,
पोट सांभाळून वाकता येईल तेवढी वाकली.
नाही, म्हणाली. काहीच नाही.
आणि तिचा चेहरा पडला.
पाच महिने ह्या वासाने ओकाऱ्या काढल्या मी,
आणि आज सकाळपासून
तेच खावंसं वाटतंय.
उरलंय का थोडं?

बलुशी उद्या दहाला येणार.
शेगड्या खोक्यांत, तवा वर्तमानपत्रात,
मसाला वाटून टाकलेला,
डब्याच्या तळाशी चार तिरफळं तेवढी.
मी तवा सोडवला.
तिच्या नवऱ्याने बाजारातून दोन बांगडे आणले,
डोळे अजून चकचकीत.
शेगडी शटरखाली मांडली, अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि मारिविक उलट्या बादलीवर बसून जेवली,
बोटांनी, काटे चोखत,
एका शब्दानेही न बोलता.

बशीच्या कडेवरून एक थेंब पडला.
लाल, तेलकट,
घासून पांढऱ्या केलेल्या जमिनीवर.
फडका हाताशीच होता.
मी नुसती पाहत राहिले,
त्याची कड कशी पसरते, कशी फिकी होते,
आणि कोबा त्याला
काही न विचारता आत घेतो.

उद्या दहाला मी त्यावर पाय ठेवून उभी राहीन.