रिकामा परत

डुइसबर्ग, ऱ्हाईनचा काठ, यार्ड क्रमांक चार.
चोंगछिंगहून सोळा दिवसांनी गाडी लागते:
पंखे, इस्त्र्या, रबरी डायनोसॉर.
परतताना दहातले सहा डबे मोकळेच.

वीब्केचं काम एवढंच. आत शिरायचं,
दार ओढून घ्यायचं, अंधारात उभं राहायचं,
पत्र्यातून कुठे उजेड झिरपतोय का बघायचं.
झिरपला तर डबा नापास.

आज नाही झिरपला.
टॉर्च लावला तर कोपऱ्यात
भोपळ्याच्या बियांची फोलं,
आणि भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, खडूची चार अक्षरं.
फोटो काढून तिनं ऑफिसातल्या श्वेफेनला दाखवला.
'काही नाही गं,' श्वेफेन म्हणाली,
'कुणीतरी लिहिलंय, कंबर गेली.'

शेजारचं वाडगं रिकामं परत करू नये
असं तिच्या मुलखात कुणी म्हणत नाही.
तरी ती पुन्हा आत गेली,
एका हातानं पाठ धरून
खाली जर्मनमध्ये लिहिलं:
माझीही.

मग दार, कडी, सील.
कागदावर, माल: निरंक.
वजन: डब्याचंच.

रात्रीच्या बातम्यांत
व्यापारी तूट आणखी वाढली होती.
वीब्के शेकायची पिशवी शोधत होती.
तीही तिकडचीच.